हे शाहू कोणते, ते शाहू कोणते? इतिहासातल्या एकाच नावाच्या माणसांचा गुंता

दरवर्षी २६ जून जवळ आला की राजर्षी शाहू महाराजांना अभिवादन करणारे संदेश फिरू लागतात. त्यातला एखादा नीट वाचला तर चक्रावायला होतं. मुघलांच्या कैदेतून सुटका, बाजीरावांना पेशवेपद आणि मागासवर्गीयांना राखीव जागा, अशी तिन्ही कामं एकाच शाहूंच्या खात्यावर जमा झालेली असतात. पहिली घटना १७०७ ची, दुसरी १७२० ची आणि तिसरी १९०२ ची. लिहिणाऱ्याच्या मनात काही खोट नसते. त्याने 'शाहू महाराज' असं शोधलं आणि सापडलं ते एकाखाली एक चिकटवलं, इतकंच.

असं फक्त शाहूंच्या बाबतीत होतं असंही नाही. शिवाजी, संभाजी, राजाराम, शहाजी, बाजीराव, चिमाजी, माधवराव, नानासाहेब, जिजाबाई, रमाबाई, आनंदीबाई ही नावं आपल्या इतिहासात पुन्हा पुन्हा येतात आणि दर वेळी माणूस वेगळा असतो. शाळेच्या पुस्तकात एका धड्यात एकच भेटतो, म्हणून निभावून जातं. मोबाईलवर सगळे एकदम समोर येतात, तेव्हा पंचाईत होते.

या सारखेपणाला आपण योगायोग म्हणतो. मला ते पटत नाही. वाडा, वतन, गादी जशी वारशाने मिळायची तसंच नावही मिळायचं. ही गोष्ट एकदा लक्षात आली की गुंता बराच सुटतो.

## एकच नाव इतक्या जणांना का?

सर्वांत जुनं कारण आपल्या घराघरांत आहे. आजोबा गेले की नातवाला त्यांचं नाव ठेवायचं. शिवाजी महाराजांचं निधन एप्रिल १६८० मध्ये झालं. दोन वर्षांनी, मे १६८२ मध्ये संभाजी महाराज आणि येसूबाईंना मुलगा झाला, त्याचं नाव शिवाजीच ठेवलं. हाच मुलगा पुढे शाहू म्हणून ओळखला गेला. १६९६ मध्ये राजाराम महाराज आणि ताराबाईंना मुलगा झाला, त्याचंही नाव शिवाजी. म्हणजे १७०७ मध्ये शाहू मुघलांच्या छावणीतून सुटून आले आणि गादीवर कोणाचा हक्क यावरून वाद पेटला, तेव्हा दोन्ही बाजूंचे दावेदार शिवाजी महाराजांचे नातू होते आणि दोघांचंही जन्मनाव आजोबांचं होतं.

याच वाटेने संभाजी हे नाव फिरलं. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीच्या लढाईत पडले. महाराजांचा मुलगा १६५७ मध्ये जन्मला, तोही संभाजी. त्यांना १६८९ मध्ये औरंगजेबाने हाल करून मारलं. १६९८ मध्ये राजाराम महाराज आणि राजसबाईंना मुलगा झाला आणि त्याला या चुलत्याचं नाव मिळालं. हे तिसरे संभाजी पुढे कोल्हापूरच्या गादीवर बसले.

दुसरं कारण दत्तकाचं. राजघराण्यात मुलगा नसला की भाऊबंदातला किंवा नात्यातला मुलगा दत्तक घेत. दत्तकविधीबरोबर त्याचं जुनं नाव मागे पडायचं आणि गादीला शोभेल असं घराण्यातलं नाव मिळायचं. कागलच्या घाटगे घराण्यातला यशवंतराव नावाचा दहा वर्षांचा मुलगा १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि शाहू झाला. तेच राजर्षी शाहू महाराज.

तिसरं कारण बायकांपुरतं. लग्नात मुलीचं नाव बदलायचं आणि पुष्कळदा ते नवऱ्याच्या नावाशी जुळेल असं निवडायचं. या एका रिवाजाने आपल्या इतिहासात जो घोळ घातला आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

## शाहू किती झाले?

गादीवर बसलेले म्हणाल तर चार ध्यानात ठेवायला हवेत.

पहिले साताऱ्याचे थोरले शाहू, १६८२ ते १७४९. वयाच्या सातव्या वर्षी आईबरोबर मुघलांच्या कैदेत गेले, पंचविसाव्या वर्षी सुटले, १७०८ मध्ये साताऱ्यात राज्याभिषेक झाला. बाळाजी विश्वनाथ, पहिले बाजीराव आणि नानासाहेब हे तिघे पेशवे यांनीच नेमले. मराठ्यांचं राज्य उत्तरेत पसरलं ते यांच्या कारकिर्दीत.

दुसरे साताऱ्याचेच धाकटे शाहू. १७७७ मध्ये गादीवर आले, १८०८ मध्ये वारले. तोवर सत्ता सगळी पुण्यात गेली होती आणि छत्रपती नावापुरते उरले होते. प्रतापसिंह महाराज हे यांचे चिरंजीव. या शाहूंची फारशी कोणाला आठवण नसते, म्हणून त्यांच्यामुळे गोंधळही कमी होतो.

तिसरे कोल्हापूरचे राजर्षी शाहू, १८७४ ते १९२२. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी आपल्या संस्थानात निम्म्या सरकारी जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाचं जाहीर स्वागत केलं. 'राजर्षी' ही पदवी त्यांना १९१९ मध्ये कानपूरच्या कुर्मी क्षत्रिय परिषदेत मिळाली. त्यामुळे कानपूरच्या विद्यापीठाला 'छत्रपती शाहूजी महाराज' हे नाव दिसलं की ते कोल्हापूरचे हे कळतं. बाजीरावांच्या उत्तरेतल्या मोहिमा आठवून साताऱ्याच्या शाहूंकडे वळायचं कारण नाही.

चौथे आजचे कोल्हापूरचे शाहू छत्रपती. २०२४ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले आणि तेव्हा बातम्यांखालच्या चर्चेत इतिहासातले शाहू पुन्हा एकमेकांत मिसळले.

## मग 'पहिले', 'दुसरे' असं मोजून टाकलं तर?

हा उपाय सगळ्यांना सुचतो आणि पेशव्यांपुरता तो चालतोही, कारण पेशव्यांची गादी एकच होती. छत्रपतींची तशी नव्हती. सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या आणि तिकडे कावेरीकाठी तंजावरला भोसल्यांची तिसरी गादी होतीच. मोजायला कुठून सुरुवात करायची?

ताराबाईंचे पुत्र शिवाजी हे सबंध घराण्याच्या हिशेबात दुसरे. कोल्हापूरच्या गादीपासून मोजलं तर ते पहिले. राजर्षी शाहू कोल्हापूरच्या गादीवरचे पहिलेच शाहू, पण सातारा धरलं तर तिसरे. दोन पुस्तकांत एकाच माणसाला दोन आकडे लागलेले दिसतात ते यामुळे, आणि दोन्ही पुस्तकं आपापल्या परीने बरोबर असतात.

कोल्हापूरच्या यादीवर जरा रेंगाळण्यासारखं आहे. १७०० पासून संस्थान विलीन होईपर्यंत तिथे पाच शिवाजी होऊन गेले. त्यातले एक १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात इंग्रजांच्या नजरकैदेत वारले, शेवटचे तर तान्हेपणीच गादीवर आले आणि १९४६ मध्ये गेले. राजारामही दोन. पैकी एक युरोपचा दौरा करून परतताना १८७० मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात वारले, वय अवघं वीस. त्यांच्यावर तिथेच नदीच्या संगमावर अंत्यसंस्कार झाले आणि त्या जागी छत्रीखाली त्यांचा पुतळा आजही उभा आहे. १७०० मध्ये सिंहगडावर देह ठेवलेल्या राजाराम महाराजांशी त्यांचा संबंध नावाचा आणि कुळाचा.

मला या यादीत सर्वांत विलक्षण वाटते ती १७६२ ची घटना. कोल्हापूरचे संभाजी १७६० मध्ये वारले. त्यांना मुलगा नव्हता. त्यांच्या राणीने कारभार हातात घेतला, पेशव्यांच्या दबावाला दाद न देता दोन वर्षांनी एक मुलगा दत्तक घेतला आणि त्याचं नाव शिवाजी ठेवलं. या राणीचं नाव जिजाबाई. म्हणजे जिजाबाई आणि त्यांचे पुत्र शिवाजी ही जोडी आपल्या इतिहासात दोनदा आहे. पहिल्या जिजाऊंना जाऊन तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षं झाली होती. दत्तकाला शिवाजीच का, हे निराळं सांगायला नको. गादीवरचा हक्क ठसवायला याहून भारी नाव कोणतं होतं?

तंजावरचा प्रकारही मजेशीर आहे. 'शहाजीराजांनी मराठी आणि तेलुगूत नाटकं लिहिली' हे वाक्य खरं आहे. पण ते शिवाजी महाराजांचे वडील नव्हेत. महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, त्यांचे हे चिरंजीव. त्यांनाही आजोबांचंच नाव होतं. आणि तंजावरच्या गादीवरच्या शेवटच्या राजाचं नाव होतं शिवाजी. ते १८५५ मध्ये वारले.

## त्या काळच्या लोकांचा गोंधळ होत नव्हता का?

होत नव्हता, कारण ते नुसतं नाव वापरतच नव्हते. आपण फोनमध्ये 'सचिन गॅस', 'सचिन ऑफिस', 'सचिन धाकटा' असं लिहून ठेवतो ना, अगदी तसाच बंदोबस्त त्यांनी केला होता.

मुख्य आधार वडिलांच्या नावाचा. पेशव्यांच्या शिक्क्यावर तो कोरलेलाच असायचा: 'श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान, बाळाजी बाजीराव मुख्य प्रधान'. यात छत्रपती कोण, पेशवा कोण आणि पेशव्याचा बाप कोण हे सगळं आलं. बाळाजी विश्वनाथ आजोबा, बाळाजी बाजीराव नातू. बाजीराव बल्लाळ पहिले, बाजीराव रघुनाथ दुसरे. माधवराव बल्लाळ थेऊरला वारले ते, माधवराव नारायण म्हणजे सवाई माधवराव. पत्रव्यवहारातलं हे दुसरं नाव आपण पुढे गाळून टाकलं आणि त्याच्या जागी आकडे आणले.

घरात मात्र थोरले, धाकटे, दादासाहेब, भाऊसाहेब, नानासाहेब अशी नावं चालायची आणि ती आपल्याला जास्त फसवतात. 'नानासाहेब पेशवे' दोन आहेत. एक बाळाजी बाजीराव, पानिपतानंतर काही महिन्यांतच १७६१ मध्ये गेले. दुसरे धोंडोपंत, दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र, १८५७ च्या उठावात कानपूरला आघाडीवर असलेले. मध्ये जवळजवळ शंभर वर्षं गेली आहेत, तरी दोघांच्या चित्रांची अदलाबदल सर्रास होते.

वडिलांच्या नावाची किल्लीही प्रत्येक कुलूप उघडत नाही. दोन्ही बाजीरावांना चिमाजी अप्पा नावाचा धाकटा भाऊ होता. दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ खरे तर रघुनाथरावांचे पुत्र. पण १७९६ मध्ये पुण्याच्या कारस्थानात त्यांना सवाई माधवरावांच्या विधवा पत्नीच्या मांडीवर दत्तक देऊन काही महिने पेशवा केलं गेलं. त्यामुळे कागदोपत्री ते चिमणाजी माधवराव झाले. बाप बदलला की कागदातला माणूसही बदलतो.

आणि नाव मुद्दाम लाटणारेही होते. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या मृत्यूबद्दल लोकांच्या मनात शंका राहिली. मग एक माणूस मीच भाऊसाहेब म्हणून उभा राहिला, त्याच्यामागे फौज जमली, काही किल्लेही त्याच्या बाजूला गेले. १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला तेव्हा ते प्रकरण मिटलं.

## रमाबाई कोणत्या?

आता त्या लग्नातल्या नावांकडे.

थोरल्या माधवराव पेशव्यांच्या पत्नी रमाबाई. त्या १७७२ मध्ये थेऊरला सती गेल्या. सवाई माधवरावांच्या पहिल्या पत्नीचंही नाव रमाबाईच. पुढे शंभरेक वर्षांनी, १८७३ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचं दुसरं लग्न झालं. त्यांना सगळे माधवराव म्हणत. कुर्लेकरांची अकरा वर्षांची यमुना त्यांच्या घरी आली आणि तिचं नाव ठेवलं रमाबाई. माधव म्हटला की रमा हवी, असा तो हिशेब. नवऱ्यांची नावं सारखी म्हणून बायकांचीही सारखी झाली.

पंडिता रमाबाई मात्र यात बसत नाहीत. डोंगरे घराण्यातल्या या मुलीचं नाव जन्मापासून रमाच होतं, आणि त्यांचे पती बिपिन बिहारी मेधावी बंगाली होते. गुंतागुंत अशी की १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या, रानडे मंडळींच्या पाठिंब्याने त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि रमाबाई रानडे त्या कामात सहभागी झाल्या. शहर तेच, दशक तेच, संस्था तीच आणि दोघीही रमाबाई. त्या काळातल्या एखाद्या वृत्तान्तात नुसतं 'रमाबाई बोलल्या' असं आलं तर घाईने निष्कर्ष काढू नये. पुढे वाटा निराळ्या झाल्या. पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, शारदा सदन आणि केडगावचं मुक्ती मिशन उभं केलं. रमाबाई रानडे पुण्याच्या सेवासदनाच्या झाल्या. डॉ. आंबेडकरांच्या पत्नी रमाबाई यांच्यानंतरच्या पिढीतल्या. त्या १९३५ मध्ये गेल्या.

आनंदीबाईंचंही तसंच. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई एक. १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीची पदवी मिळवणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी दुसऱ्या. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई तिसऱ्या, त्यांचं माहेरचं नाव गोदूबाई. आणि राजर्षी शाहूंना दत्तक घेणाऱ्या राणीसाहेबही आनंदीबाईच. यातल्या डॉ. आनंदीबाईंचं जन्मनाव यमुना होतं, रमाबाई रानड्यांसारखंच. लग्नाने दोन यमुनांच्या एक रमा आणि एक आनंदी झाल्या. मुलीचा तिच्या मूळ नावाने शोध घ्यायचा म्हटलं तर इतिहासकाराच्या वाटेत केवढी भिंत उभी राहते, याची कल्पना यावरून यावी.

## नाव चुकलं तर असं काय बिघडतं?

परीक्षेत एक गुण जाईल, इतकंच वाटतं. पण एक उदाहरण बघा. 'संभाजी निजामाला जाऊन मिळाले.' हे वाक्य जुन्या इतिहासग्रंथांत सापडतं आणि ते खरं आहे. १७२७ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजींनी साताऱ्याच्या शाहूंविरुद्ध निजामाशी हातमिळवणी केली. पुढच्या वर्षी पालखेडला बाजीरावांनी निजामाला कोंडलं, आणि १७३१ मध्ये वारणेच्या तहाने सातारा व कोल्हापूर यांची हद्द ठरली. आता हेच वाक्य संदर्भाशिवाय उचलून भिंतीवर टाकलं तर? वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच संभाजी उभे राहतात, ज्यांनी १६८९ मध्ये मरण पत्करलं पण औरंगजेबापुढे मान तुकवली नाही. त्यांच्या हयातीत दख्खनमध्ये निजामाचं राज्यच नव्हतं. ते १७२४ मध्ये उभं राहिलं. त्यांच्या आयुष्यात १६७८ मध्ये दिलेरखानाकडे जाण्याचा एक प्रसंग आहे, म्हणून निजामाची गोष्टही लोकांना चटकन खरी वाटते. मग भांडणं सुरू होतात आणि दोन्ही बाजूंना आपण पुराव्याने बोलतोय असं वाटत असतं.

बाजीरावांवरही असाच अन्याय होतो, फक्त उलट्या दिशेने. १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली ती पहिल्या बाजीरावांचे बंधू चिमाजी अप्पांनी. त्याच वसईत १८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांशी तह केला आणि आपलं स्वातंत्र्य गहाण टाकलं. गाव एक, नाव एक. ज्याला सालं ठाऊक नाहीत त्याला वाटावं की भावाने जिंकलेलं या भावाने घालवलं.

## ओळखायचं कसं?

नाव दिसलं की तीन गोष्टी शोधाव्यात: साल, वडिलांचं नाव आणि गादी किंवा गाव. विकिपीडियावर या कामासाठी 'निःसंदिग्धीकरण' असा दात पाडणारा शब्द आहे. एकाच नावाच्या सगळ्या व्यक्तींची यादी एका पानावर देतात, तिथे आधी डोकवावं. ग्रंथालयातही लेखकाच्या नावापुढे जन्म-मृत्यूची सालं लिहितात ती याचसाठी.

तिन्हींत भरवशाचं म्हणजे साल. गावं फसवतात. साताऱ्यात शाहूपुरी आहे आणि कोल्हापुरातही शाहूपुरी आहे. थोरले शाहू जन्मले ते गांगवली रायगड जिल्ह्यातल्या माणगावजवळ, आणि राजर्षी शाहूंच्या उपस्थितीतली १९२० ची परिषद झाली तेही माणगाव, पण कोल्हापूर जिल्ह्यातलं. चित्रांवर तर मुळीच विसंबू नये. राजर्षींची छायाचित्रं आहेत. थोरल्या शाहूंच्या काळी छायाचित्रणच नव्हतं, तेव्हा त्यांच्या नावाखाली फोटो दिसला की चूक तिथेच पकडता येते.

## आणि जिथे ना शिक्का, ना साल?

राजे-पेशव्यांचे कागद आहेत, तारखा आहेत. संतांच्या बाबतीत नुसती नाममुद्रा असते, म्हणजे अभंगाच्या शेवटी कवीने गुंफलेलं स्वतःचं नाव. 'नामा म्हणे' असं आलं की अभंग संत नामदेवांचा, असं आपण धरून चालतो. पण नामदेवांनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी, एकनाथांच्या काळात, विष्णुदास नामा नावाचा कवी होऊन गेला. त्याने ओव्यांत महाभारत लिहिलं. त्याच्या आणि आणखी काही 'नामां'च्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या आहेत. एखाद्या अभंगात नामदेवांनंतर झालेल्या संताचा उल्लेख आला किंवा भाषा फारच अलीकडची वाटली, तर अभ्यासक तो बाजूला काढतात.

यात उलटी चूकही होऊ शकते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'भारद्वाज' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अभ्यासकाने ज्ञानेश्वर दोन होते असा दावा केला. ज्ञानेश्वरीत विठ्ठलाचा उल्लेख नाही, अभंगांत मात्र जागोजागी विठ्ठल आहे, शिवाय अभंगांची भाषा नवी वाटते, तेव्हा ग्रंथ लिहिणारे निराळे आणि अभंग रचणारे निराळे, असं त्यांचं म्हणणं. त्यावर मोठा वाद झाला. बहुतेक अभ्यासकांनी ज्ञानेश्वर एकच मानले. गीतेवरच्या टीकेत विठ्ठल न येणं अस्वाभाविक नाही. आणि अभंग शतकानुशतकं तोंडोतोंडी चालत आले, गाणाऱ्यांच्या जिभेवर त्यांची भाषा बदलत गेली. ज्ञानेश्वरीचं तसं झालं नाही, कारण पाठभेद शिरलेत हे ओळखून एकनाथांनी १५८४ मध्ये तिची प्रत शुद्ध केली होती. अभंगांना असा कोणी एकनाथ भेटला नाही.